क्लच दाबून आणि क्लच न दाबता: मोटारसायकलचा गिअर बदलण्याच्या दोन रीती

मुंबईत रोज मोटारसायकल चालवणाऱ्यांमध्ये एक समजूत पक्की रुजलेली आहे: क्लच न दाबता गिअर टाकता आला, तर क्लच प्लेट (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या चकत्या) जास्त टिकतात. तिच्या नेमकी उलट समजूतही तितक्याच ठामपणे ऐकू येते, ती अशी की क्लचशिवाय गिअर बदलला की गिअरबॉक्सची वाट लागलीच म्हणून समजा. दोन्हींत थोडे तथ्य आहे. पण दोन्हींत क्लचच्या दोन वेगळ्या कामांची गल्लत झालेली आहे. उभी गाडी हलवताना क्लच जे करतो ते एक काम, आणि धावत्या गाडीत दुसऱ्याचा तिसरा गिअर करताना तो जे करतो ते दुसरे. पहिल्या कामाला जवळजवळ पर्याय नाही. दुसऱ्याला आहे, मात्र तो या शहरात फारसा कामाचा नाही, असे माझे मत आहे.

मोटारसायकलच्या गिअरबॉक्समध्ये गिअरच्या सगळ्या जोड्या कायम एकमेकींत गुंतलेल्याच असतात. त्यामुळे गिअर बदलताना दात्यांत दाते जात नाहीत. एका दातेरी चाकाच्या बाजूला काढलेले जाड खुंट, म्हणजे डॉग, शेजारच्या दातेरी चाकाच्या खाचांत शिरतात. पायाने लिव्हर दाबली की आतला ड्रम थोडा फिरतो, त्याच्या खोबणीतून फोर्क सरकतो आणि दातेरी चाक बाजूला ढकलले जाते. मोटारींच्या गिअरबॉक्समध्ये दोन भागांचे वेग आधी जुळवून देणारी सिंक्रोमेशची व्यवस्था असते. मोटारसायकलमध्ये ती नसते, आणि म्हणूनच येथे गिअर ‘खट्’ असा बसतो. हेच कारण क्लचशिवाय गिअर बदलणे मोटारसायकलवर मोटारीपेक्षा पुष्कळ सोपे असण्याचे आहे.

मग अडते कोठे? इंजिन गाडीच्या मागच्या चाकाला ओढत असते तेव्हा खुंटाची बाजू खाचेच्या भिंतीवर जोराने दाबली गेलेली असते, शिवाय या बाजू किंचित तिरप्या घासलेल्या असतात, म्हणजे ताण जितका अधिक तितके खुंट खाचेत अधिक ओढले जावेत आणि गिअर आपोआप निसटू नये. पावसाळ्यात फुगलेले दार कडीवर रेटलेले असेल, तर कडी कितीही ओढली तरी सरकत नाही. दार किंचित आत दाबले की तीच कडी बोटाने निघते. गिअर बदलण्याच्या दोन्ही रीतींचे मर्म एवढेच आहे की खुंटांवरचा हा ताण क्षणभर काढून घ्यायचा. तो डाव्या हाताने क्लच दाबून काढायचा की उजव्या हाताने थ्रॉटल (रेसची मूठ) मिटून, इतकाच दोहोंत फरक आहे.

क्लच दाबला की इंजिन आणि गिअरबॉक्स यांचा संबंध तुटतो आणि ताण नाहीसा होतो. पण याहून महत्त्वाची एक गोष्ट घडते, जी सहसा कोणी सांगत नाही: गिअरबॉक्सच्या आतल्या दांड्यावर आता इंजिनाच्या जड क्रँकशाफ्टचे वजन उरत नाही. नवा गिअर बसताना त्या हलक्या दांड्याचाच वेग बदलावा लागतो, म्हणून खुंटांवर आघात कमी होतो. इंजिनाचा वेग जुळवण्याचे काम पुढे, क्लचची लिव्हर सोडताना, क्लच प्लेट थोड्या घसरून करतात. धावत्या गाडीत लिव्हर मुठीपर्यंत ओढण्याचीही गरज नसते. क्लच नीट लावलेला असेल, तर ताण सुटण्यापुरती ती दाबली की पुरते, आणि सराईत चालकाचा हात एवढाच हलतो. सिग्नलला उभे असताना न्यूट्रलमधून पहिला टाकताना मात्र ती पूर्ण ओढावी लागते, कारण तेलात भिजलेल्या प्लेट दाबूनही एकमेकींना किंचित चिकटून फिरत राहतात.

क्लच न दाबता वरचा गिअर टाकताना पाय आधी तयारीत ठेवतात. गिअरच्या लिव्हरवर हलका दाब देऊन ठेवायचा, इंजिन ओढत असताना थ्रॉटल क्षणभर मिटायचा, आणि ताण सुटला की पायाखालचा गिअर जवळजवळ आपणहून बसतो. लगेच थ्रॉटल पुन्हा उघडायचा. हे इतके सहज का जमते, याचे उत्तर आकड्यांत आहे. समजा दुसऱ्या गिअरचे प्रमाण १.६ आणि तिसऱ्याचे १.२ आहे. दुसऱ्यात इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल, तर त्याच वेगाला तिसऱ्यात ते ४५०० फेरे घेईल. म्हणजे वर जाताना इंजिनाचा वेग खाली यायला हवा, आणि थ्रॉटल मिटल्यावर तो आपोआप खालीच येत असतो. ताण काढणे आणि वेग जुळवणे ही दोन्ही कामे हाताच्या एकाच हालचालीत होतात. घाई झाली किंवा पाय अर्धवट पडला, तर खुंट कडेवर आपटतात, त्यांचे कोपरे गोल होत जातात, आणि असा गिअरबॉक्स पुढे जोर लागताच गिअर सोडू लागतो.

खाली उतरताना हे गणित उलटते. तिसऱ्यातून दुसऱ्यात यायचे तर इंजिनाचा वेग वाढायला हवा. पण आपण तर थ्रॉटल मिटून गाडी हळू करत असतो, आणि आता चाकच इंजिनाला ओढत असल्याने खुंटांवर उलट दिशेचा ताण असतो. तो काढण्यासाठी नेमका तेवढाच रेस द्यावा लागतो, तोही ब्रेक दाबलेल्या हाताने. तो कमी पडला, तर मागचे चाक झटका खाते आणि ओल्या रस्त्यावर घसरूही शकते. उपनगरातल्या पेव्हर ब्लॉकवर, पहिल्या पावसात, हा प्रयोग कोणी करू नये. उतरताना क्लच वापरावा, आणि दुसऱ्यातून पहिल्यात येताना तर वापरावाच, कारण या दोन गिअरमधले अंतर सहसा सर्वांत मोठे असते आणि वाटेत न्यूट्रलही लागतो.

आता प्लेट वाचण्याचा प्रश्न. धावत्या गाडीत गिअर बदलताना प्लेट क्षणार्धच घसरतात, तेलात बुडालेल्या असतात, आणि त्यांची झीज नगण्य असते. प्लेट मरतात त्या हाफ क्लचवर. साकीनाक्याला किंवा एलबीएस मार्गावर पुढच्या बसच्या मागे पहिल्या गिअरमध्ये, लिव्हर अर्धी धरून, वाव मिळेल तसे सरकत राहिले की इंजिनाची बरीच शक्ती प्लेटच्या घर्षणात उष्णता होऊन जाते. चढावर गाडी मागे येऊ नये म्हणून ब्रेकऐवजी हाफ क्लचवर तोलून धरण्याची सवय तर त्याहून वाईट. असा क्लच संपत आला की मलबार हिलच्या चढाला इंजिनाचा आवाज वाढतो, पण वेग वाढत नाही. ज्याला प्लेट वाचवायच्या आहेत, त्याने तिसरा-चौथा क्लचशिवाय टाकण्याऐवजी सिग्नलला न्यूट्रल करायला शिकावे. शिवाय क्लचशिवाय गिअर बदलण्याची खरी मौज लांब, मोकळ्या रस्त्यावर. आणि मुंबईत वांद्रे-वरळी सागरी सेतू, सागरी किनारा मार्ग, अटल सेतू हे असे सगळे रस्ते दुचाकींना बंदच आहेत.

क्विकशिफ्टर म्हणजे क्लच नसलेली गाडी, असाही एक गैरसमज आहे. क्विकशिफ्टर हा वरच्याच युक्तीचा यांत्रिक अवतार आहे: लिव्हरच्या दांडीवरचा सेन्सर पायाचा दाब ओळखतो आणि संगणक क्षणभर इंजिनाची ठिणगी तोडतो, म्हणजे थ्रॉटल मिटण्याचे काम हाताऐवजी तो करतो. खाली उतरतानाही चालणाऱ्या प्रकारात तोच रेस देतो. निघताना आणि थांबताना क्लच लागतोच. याउलट होंडाच्या १९५८ च्या सुपर कबमध्ये, आणि आपल्याकडे पूर्वी मिळणाऱ्या हीरो होंडा स्ट्रीटमध्ये, क्लच आहे पण त्याची लिव्हर नाही. तो इंजिनाच्या वेगावर आपोआप धरतो आणि गिअरची लिव्हर दाबताच सुटतो. तेव्हा ते ‘क्लचशिवाय’ नसून ‘हाताशिवाय’ आहे.

सामान्य चालकाला क्लचशिवाय गिअर बदलण्याची विद्या खऱ्या अर्थाने लागते ती क्लच वायर तुटल्यावर. तुटण्याआधी लिव्हर जड होते, तिच्याजवळचे वायरचे तार एकेक सुटू लागतात; त्याकडे दुर्लक्ष झाले की एखाद्या सिग्नलला ती हातात येते. अशा वेळी इंजिन न्यूट्रलमध्ये चालू ठेवून गाडी पायांनी ढकलत चालण्याइतका वेग द्यावा आणि पहिला टाकावा. धक्का बसतो, पण गाडी निघते. उतार मिळाला तर फारच बरे. पुढे दुसरा आणि तिसरा वर सांगितल्याप्रमाणे थ्रॉटल मिटून टाकावेत आणि तिसऱ्याच्या पलीकडे जाऊ नये. कसोटी थांबण्याची आहे. सिग्नल लाल दिसताच लांबूनच वेग कमी करून, गाडी दुसऱ्यात असताना थ्रॉटल मिटून गिअरच्या लिव्हरला अर्धा ठोका द्यावा, म्हणजे न्यूट्रल मिळतो. तो मिळाल्याची खात्री दिव्यावर करूनच ब्रेक लावून थांबावे, कारण गिअरमध्ये थांबलेली गाडी बंद पडते आणि मागच्यांचे हॉर्न सुरू होतात.

हिंदमाता किंवा मिलन सबवेसारख्या ठिकाणी पाणी साचले असेल, तर मात्र तुटलेल्या वायरने आत शिरू नये. पाण्यातून जाताना पहिल्या गिअरमध्ये रेस चढता ठेवून वेग हाफ क्लचने आवरावा लागतो, म्हणजे सायलेन्सरमध्ये पाणी शिरत नाही. थ्रॉटल मिटण्याची युक्ती येथे नेमकी उलटी पडते. तेवढ्यापुरते इंजिन बंद करून, उतरून, कडेकडेने गाडी ढकलत जवळच्या मेकॅनिकपर्यंत नेणे हाच मार्ग उरतो, आणि वायर बदलताना लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते १५ मिलिमीटर ढिलाई ठेवून घ्यावी.