छात्रसैनिकांचा समारंभीय गणवेश, गोवा

राष्ट्रीय छात्र सेनेतील, म्हणजे एनसीसीतील मुलामुलींनी ध्वजवंदन, संचलन, मानवंदना आणि पाहुण्यांकडून होणारी पाहणी अशा प्रसंगी घालायचा पोशाख आणि त्याचे नियम. सैन्यदलांत समारंभासाठी वेगळा पोशाख असतो. छात्रसैनिकाचे तसे नसते. आठवड्याच्या परेडला घालतो तोच गणवेश तो २६ जानेवारीलाही घालतो. फरक पडतो तो टोपीवर चढणारा तुरा, छातीवरची पदके, मानवंदना पथकाचे पांढरे हातमोजे आणि सर्वांत जास्त निगा यांमुळे. म्हणून समारंभीय गणवेशाचे बहुतेक नियम कपड्यांविषयी कमी आणि ते कसे राखायचे व कसे घालायचे याविषयी अधिक आहेत.

पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून १९४८ च्या कायद्याने एनसीसी स्थापन झाली. १९४९ मध्ये मुलींचा विभाग आला, १९५० मध्ये एअर विंग आणि १९५२ मध्ये नेव्हल विंग. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज राजवट होती, त्यामुळे १९ डिसेंबर १९६१ च्या मुक्तीपर्यंत इथल्या विद्यार्थ्यांचा या संघटनेशी संबंध येण्याचा प्रश्नच नव्हता. पणजीचे धेंपे आणि मडगावचे चौगुले ही महाविद्यालये १९६२ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी चीनशी युद्ध झाले आणि १९६३ मध्ये देशभरच्या महाविद्यालयांत एनसीसी सक्तीची झाली. ही सक्ती १९६८ मध्ये उठली. गोव्यातील महाविद्यालयीन शिक्षण आणि खाकी गणवेश हे असे जवळजवळ एकाच वेळी इथल्या घरांत आले. आज गोव्यातील तुकड्या बेंगळुरूच्या कर्नाटक आणि गोवा संचालनालयाच्या अखत्यारीत आहेत. राज्याच्या प्रजासत्ताकदिनाच्या, स्वातंत्र्यदिनाच्या आणि मुक्तिदिनाच्या संचलनात पोलिसांबरोबर छात्रसैनिकांचे पथकही चालते.

आर्मी विंगचा गणवेश खाकी, नेव्हल विंगचा पांढरा आणि एअर विंगचा निळसर असतो. संघटनेच्या ध्वजावरचे लाल, गडद निळा आणि फिकट निळा हे तीन रंग याच तीन विंगांचे आहेत. खाकी गणवेशात शर्ट, पँट, वेब बेल्ट, काळे बूट आणि हिरवी बेरे टोपी असते. खांद्यावर एनसीसीची पट्टी, उजव्या खिशाच्या वर नावाची पाटी, डाव्या खिशाच्या वर पदके किंवा त्यांच्या फिती, खांद्यावरून खिशाकडे जाणारी लॅनयार्डची गुंफलेली दोरी. हुद्दा दंडावरच्या पट्ट्यांवरून कळतो: लान्स कॉर्पोरलला एक, कॉर्पोरलला दोन, सार्जंटला तीन. ज्युनिअर आणि सिनिअर अंडर ऑफिसरची खूण दंडावरून खांद्यावर जाते. न मिळवलेली पट्टी, पदक किंवा बिल्ला लावणे हा गणवेशातला सर्वांत गंभीर दोष मानला जातो आणि ते योग्यच आहे. सुरकुती राहिली तर ती आळसातून राहते, पण न मिळवलेली फीत लावणे हे असत्य आहे.

सर्वांत जास्त चुका होतात त्या टोपीत. दुकानातून आणलेली बेरे ताठ आणि पसरट असते. ती पाण्यात भिजवून, डोक्यावर घालून, हाताने दाबत बसवावी लागते आणि आकार धरेपर्यंत तशीच वाळू द्यावी लागते. पट्टी कपाळावर भुवयांच्या वर आडवी सरळ यावी, बिल्ला डाव्या डोळ्याच्या रेषेत बसावा आणि उरलेले कापड उजव्या कानाकडे ओढलेले असावे. समारंभाच्या दिवशी बिल्ल्याच्या मागे लाल तुरा खोवतात. ज्याला छावणीत सगळे हॅकल म्हणतात तो हाच. तो सरळ उभा राहिला पाहिजे. पथक चालू लागल्यावर प्रेक्षकाची नजर आधी तुऱ्यांच्या ओळीवर जाते, आणि एक तुरा जरी कलला तरी तेवढाच दिसतो. शीख छात्रसैनिक बेरेऐवजी पगडी बांधतात आणि तुरा पगडीवर लावतात.

टोपीशी सलामीही जोडलेली आहे. डोक्यावर टोपी नसेल तर हाताने सलामी देत नाहीत, सावधान उभे राहतात. आर्मी विंगच्या सलामीत तळवा समोरच्याला दिसतो, नौदलाच्या पद्धतीत तो खाली वळलेला असतो, तर २००६ पासून हवाई दलाने मधला कोन स्वीकारला. छात्रसैनिक आपापल्या विंगची पद्धत पाळतात, त्यामुळे संयुक्त शिबिरात एकाच रांगेत तीन तऱ्हेच्या सलाम्या दिसतात. तिन्ही बरोबर असतात. आज्ञा सर्वत्र हिंदीत असतात. घरी कोंकणी आणि शाळेत मराठी किंवा इंग्रजी बोलणाऱ्या डिचोलीच्या मुलालाही ‘दाहिने मुड़’ पहिल्या महिन्यातच अंगवळणी पडते.

केसांचे नियम मुलांसाठी सोपे आहेत: मागून व बाजूने बारीक कापलेले केस, घोटून केलेली दाढी. शीख मुलांना यातून सूट असते. मुलींनी केसांचा घट्ट अंबाडा घालून त्यावर काळी जाळी लावायची असते, म्हणजे टोपी नीट बसते आणि मागे काही लोंबत नाही. गोव्यात या नियमाला एक खास संदर्भ आहे. अबोलीचा वळेसर इथे सणावारी केसांत असतोच, आणि १५ ऑगस्ट श्रावणात किंवा त्याच्या आगेमागे येतो. घरून निघताना आई गजरा माळू पाहते आणि मुलगी नको म्हणते, हे अनेक घरांत घडत आले आहे. पायांतली पैंजणे, हातातल्या बांगड्या, रंगीत नखे आणि लोंबती कर्णफुले चालत नाहीत. गळ्यातली साखळी, मग तिला क्रूस असो वा देवाचे पदक, शर्टच्या आत राहते, बाहेर दिसता कामा नये. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मनगटावर बांधलेला दोरा काढायचा की नाही हा प्रश्न दर वर्षी उठतो. तो बाहीखाली झाकून घेतला तर वाद उरत नाही, आणि समजूतदार शिक्षक-अधिकारी, म्हणजे तुकडी सांभाळणारे शिक्षक, तेच सुचवतात. या नियमांमागे कुणाच्या श्रद्धेविषयी किंवा हौसेविषयी आकस नाही. रांगेत उभ्या असलेल्या मुलाचे गाव, धर्म, जात किंवा घरची ऐपत अंगावरून ओळखू येऊ नये, एवढाच त्यांचा हेतू आहे. सासष्टीचा कॅथलिक मुलगा, सत्तरी तालुक्यातल्या शेतकऱ्याची मुलगी आणि वास्कोत नोकरीला आलेल्या कुटुंबातला मुलगा एकाच ओळीत उभे राहतात तेव्हा तो हेतू साधतो.

गणवेश परेड, शिबिर आणि अधिकृत कार्यक्रम यांसाठी आणि तिथे जाण्यायेण्याच्या प्रवासासाठी असतो. राजकीय सभेत किंवा घरच्या लग्नात तो घालत नाहीत. अर्धा गणवेश ही आणखी एक चूक वारंवार दिसते: परेड संपल्यावर खाकी पँटवर टीशर्ट, किंवा बेरे खिशात कोंबून कदंबच्या बसमध्ये उभे राहणे. घातला तर पूर्ण, नाही तर मुळीच नाही, असा दंडक आहे.

गोव्याच्या हवेत हा गणवेश राखणे कष्टाचे आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस असतो आणि कपडे घरात दोरीवर दिवसेंदिवस ओलसर राहतात. कपाटात ठेवलेल्या बुटांवर पांढरी बुरशी धरते. समुद्राकाठच्या गावांत पितळी बकल खाऱ्या वाऱ्याने लवकर काळे पडते. स्वातंत्र्यदिन ऐन पावसात येतो, त्यामुळे आदल्या रात्री इस्त्री केलेला, खळ दिलेला शर्ट सकाळी मैदानावर पोचेपर्यंत मऊ पडलेला असतो. नेव्हल विंगच्या मुलांचे हाल सर्वांत जास्त, कारण इथली माती जांभ्याची लाल आणि त्यांची पँट पांढरी. एक शिंतोडा उडाला तरी डाग जाता जात नाही. म्हणून पावसात मैदानापर्यंत साध्या कपड्यांत येऊन तिथे गणवेश चढवणे शहाणपणाचे. बूट वापरात नसतील तेव्हा त्यांत वर्तमानपत्राचा बोळा कोंबावा, ओले असतील तर विस्तवाजवळ ठेवू नयेत, कातडे तडकते. पॉलिश आधी ब्रशने, मग ओल्या कापसाने छोट्या छोट्या वर्तुळांत घासत चढवतात. टोकावर आरशासारखी चकाकी यायला कित्येक थर लागतात. बकल आणि बिल्ला ब्रासोने घासताना कापडाला डाग पडू नये म्हणून खाली जाड कागद सरकवतात. हे सगळे मुलाने स्वतःच करायचे असते. पालकांनी करून दिले तर गणवेश चमकतो, पण मूल त्यातून काही शिकत नाही.

पूर्वी कापड किंवा शिवलेला गणवेश तुकडीकडून मिळे आणि सोडताना परत द्यावा लागे. कुणाला शर्ट सैल तर कुणाला पँट आखूड येई. २०२३ मध्ये केंद्राने गणवेशाचा भत्ता थेट छात्रसैनिकाच्या बँक खात्यात जमा करण्याची व्यवस्था जाहीर केली. अंगाला बेतून शिवता येणे हा तिचा मोठा फायदा आहे. पण मडगावचा शिंपी आणि म्हापशाचा शिंपी यांची खाकीची छटा एकच असेल असे नाही. खिशाची झाकणे, खांद्यावरच्या पट्ट्यांची रुंदी आणि पँटचा खालचा घेर यांतही फरक पडतो. वेगवेगळ्या शाळांतून राज्याच्या पथकासाठी निवडलेली मुले एकत्र उभी राहिली की हा फरक चटकन उघडा पडतो. एका तुकडीने एकाच दुकानाचे कापड आणि एकच शिंपी ठरवणे हा त्यावरचा सोपा उपाय आहे, आणि शिक्षक-अधिकाऱ्यांनी तो वर्षाच्या सुरुवातीलाच करायला हवा.

जानेवारीत दिल्लीला होणाऱ्या प्रजासत्ताकदिन शिबिरासाठी निवड झालेल्यांना निराळ्या गणवेशाची सवय करावी लागते. गोव्यात जर्सी लागत नाही. दिल्लीत पहाटेच्या धुक्यात सराव होतो, म्हणून जाड अंगोला शर्ट आणि लोकरी जर्सी घालावी लागते. त्या जाडीवर बेल्ट कसा बसवायचा आणि लॅनयार्ड किती सैल ठेवायची हे तिथे नव्याने शिकावे लागते. निवडीच्या फेऱ्यांत ड्रिल, नेमबाजी आणि मुलाखतीबरोबर टर्नआउटही, म्हणजे अंगावरचा गणवेश किती नीटनेटका आहे हेही, तपासले जाते. पाहणारा हवालदार खांद्यापासून सुरुवात करतो, बुटांच्या टाचांपर्यंत येतो आणि मागून पुन्हा वर जातो. टाचांना पॉलिश करायचे बहुतेक मुले विसरतात.