प्लॅस्टिकच्या खिडकीवरचं ऊन

पॉलिकार्बोनेट या पारदर्शक, चिवट प्लॅस्टिकची घनता घनसेंटिमीटरला १.२ ग्रॅम, काचेची २.५. म्हणजे तेवढ्याच जाडीची गाडीची खिडकी निम्म्याहून कमी वजनात बसते, शिवाय दगड लागून सहजी फुटत नाही. पण लेप न दिलेलं पॉलिकार्बोनेट उन्हात राहिलं की आधी पिवळं पडतं, मग धुरकटतं, शेवटी बारीक तडे जातात. अतिनील किरण रेणूंमधले बंध तोडतात आणि हवेतला ऑक्सिजन ती झीज पुढे नेतो. हे घडतं अगदी वरच्या थरात. आतलं प्लॅस्टिक तोवर ठणठणीत असतं.

म्हणून अतिनील शोषक, म्हणजे हे किरण शोषणारा पदार्थ, नुसता प्लॅस्टिकच्या कच्च्या दाण्यांत मिसळून भागत नाही. तो सगळ्या जाडीत विखुरतो आणि मार खाणाऱ्या पृष्ठभागाच्या वाट्याला थोडाच येतो. तो प्लॅस्टिकच्या वरच हवा. त्यासाठी आधी शोषक असलेला काही मायक्रॉनचा अ‍ॅक्रिलिक प्रायमर (खालचा, पकड देणारा लेप) आणि त्यावर ओरखडे रोखणारा, सिलिकाचे सूक्ष्म कण असलेला सिलिकॉनचा कडक लेप देतात.

खरी कसोटी जाडीची. लेप वरच्या कडेने ओततात, तो ओघळत खाली येतो. साहजिकच वर पातळ, खाली जाड. प्रायमर पातळ राहिला तर किरण प्लॅस्टिकपर्यंत पोचतात, तिथली पकड सुटते आणि लेपाचे पापुद्रे निघतात. कडक लेप जाड झाला तर भट्टीत आकसताना तडकतो. यावर साधा आणि फार चांगला उपाय आहे: दुसरा लेप देताना खिडकी उलटी टांगायची. भट्टी साधारण १२५ ते १३० अंश सेल्सिअस. पॉलिकार्बोनेट १४७ अंशांच्या आसपास मऊ पडतं, त्यामुळे फार वर जायला वाव नाही.

बसवतानाही घात होतो. तापमान ५० अंशांनी वाढलं की एक मीटर पॉलिकार्बोनेट सुमारे साडेतीन मिलिमीटर वाढतं, काच अर्धा मिलिमीटरही नाही. स्क्रूने आवळलेली खिडकी फुगते आणि लेप ताणला जातो. लवचिक पॉलियुरेथेनने चिकटवलेली तग धरते.

तपासणीसाठी लेपावर ब्लेडने चौकटी कापून चिकटपट्टी ओढतात. नव्या खिडकीचा लेप निघाला तर संशय लेपाआधीच्या पुसणीवर किंवा भट्टीवर घ्यावा. नवी असताना पक्का, पण उन्हाच्या चाचणीनंतर निघाला, तर आधी प्रायमरची जाडी मोजावी.