ॲनिमल, व्हेजिटेबल, मिनरल?

बीबीसी दूरचित्रवाणीवर १९५२ ते १९५९ या काळात चाललेला, जुन्या व अनोळखी वस्तू ओळखण्याचा प्रश्नमंजूषा कार्यक्रम. मूळ कल्पना अमेरिकेतली. फिलाडेल्फिया येथील विद्यापीठ संग्रहालयाचे संचालक फ्रोएलिच रेनी १९५१ पासून ‘व्हॉट इन द वर्ल्ड?’ सादर करत. त्यात गूढ संगीताच्या साथीने, धुरातून वस्तू प्रकट होई. ती काय आहे हे प्रेक्षकांना आधीच सांगून टाकत. अंधारात असत ते फक्त कार्लटन कून यांच्यासारखे समोर बसलेले विद्वान. घरबसल्या पंडितांची फजिती पाहण्याचे सुख त्यात होते.

बीबीसीच्या कार्यक्रमात दर वेळी एखादे संग्रहालय आपल्याकडच्या कोड्यात टाकणाऱ्या वस्तू घेऊन तज्ज्ञांना आव्हान देई. वस्तू कशाची, कुठली, किती जुनी आणि कशासाठी वापरलेली, हे त्यांनी ओळखायचे. उत्तरापेक्षा ते शोधण्याची रीतच अधिक पाहण्यासारखी. वस्तू हातात घेऊन तिचे वजन जोखायचे, उलटी करून बूड पाहायचे, धार कुठे झिजली आणि मूठ कुठे गुळगुळीत झाली हे बोटाने चाचपायचे. झीज एकाच बाजूला असेल तर ते अवजार नेहमी एकाच हाताने धरले जात असावे. भोक वरच्या टोकाला असेल तर ते टांगत असावेत. असे अंदाज बांधत तज्ज्ञ मोठ्याने विचार करत.

बहुतेक भागांचे सूत्रसंचालन केंब्रिजचे पुरातत्त्वज्ञ ग्लिन डॅनियल यांनी केले. खरा भाव खाऊन गेले ते मिशांना पीळ देणारे सर मॉर्टिमर व्हीलर. १९५४ साली ते ब्रिटनमध्ये वर्षातील दूरचित्रवाणी व्यक्तिमत्त्व ठरले, पुढच्या वर्षी डॅनियल. हेच व्हीलर १९४४ ते १९४८ भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया यांनी त्याआधीच, इंग्लंडमधील मेडन कॅसलच्या उत्खननात, त्यांच्या हाताखाली काम केले होते.

तेव्हाचे कार्यक्रम बव्हंशी थेट प्रक्षेपित होत आणि जपून ठेवण्याचा रिवाज नव्हता. त्यामुळे दोन्ही कार्यक्रमांचे मोजकेच भाग आज पाहायला मिळतात. निर्माते पॉल जॉनस्टोन यांनी १९५४ पासून व्हीलर व डॅनियल यांनाच घेऊन ‘बरीड ट्रेझर’ ही पुरातत्त्वविषयक मालिकाही काढली. तिच्यात एकेक विषय सविस्तर मांडला जाई. ज्ञान अधिक, चुरस मात्र नाही.