लंबवर्तुळाकार दीर्घिकांतील कृष्णद्रव्य प्रभामंडलाचे प्रतिमानीकरण

ताऱ्यांच्या वेगांवरून दीर्घिकेभोवतीच्या अदृश्य वस्तुमानाची, म्हणजे कृष्णद्रव्याच्या प्रभामंडलाची, मांडणी ठरवण्याची रीत. सर्पिल दीर्घिकांत थंड हायड्रोजनची २१ सेंमी. रेषा मोजली की परिभ्रमणवेग हाती येतो, पुणे जिल्ह्यात खोडदजवळ असलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण (४५ मी. व्यासाच्या ३० तबकड्या) ती टिपू शकते. लंबवर्तुळाकार दीर्घिकांत असा वायू बहुधा फारच थोडा असतो आणि तारे वाटेल त्या प्रतलांत फिरतात. त्यामुळे वर्णरेषेच्या रुंदीवरून मिळणाऱ्या वेगविखुरणावर (ताऱ्यांचे वेग सरासरीभोवती किती पसरले आहेत त्यावर) भिस्त ठेवावी लागते.

आधी प्रकाशमापन होते. पुण्यातील आयुका या खगोलसंस्थेच्या गिरवली येथील २ मी. दुर्बिणीसारखे साधन जवळच्या दीर्घिकांना पुरते. पृष्ठतेजाला सेर्सिक सूत्र (केंद्रापासून बाहेर तेज कसे घटते ते सांगणारे) बसवून ताऱ्यांची त्रिमितीय घनता काढतात. आकाशाचे तेज वजा करताना किंचित चूक झाली, तरी कडेचा उतार बदलतो आणि ती चूक शेवटपर्यंत सोबत राहते. नंतर तारे व प्रभामंडल यांचे एकत्रित वस्तुमान जीन्स समीकरणात (गुरुत्व आणि ताऱ्यांचे वेग यांची सांगड घालणाऱ्या) घालून विखुरण वर्तवतात. प्रभामंडलासाठी नवारो-फ्रेंक-व्हाइट सूत्र रूढ आहे: घनता आत त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात, बाहेर तिच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात उतरते. हा उतार बदलतो ती त्रिज्या सहसा काही दशक किलोपार्सेक (१ किलोपार्सेक म्हणजे सुमारे ३,२६० प्रकाशवर्षे) असते. वर्णपट मात्र अर्धप्रकाश त्रिज्येच्या (जिच्या आत दीर्घिकेचा निम्मा प्रकाश येतो) एक-दोन पटींतच अंधुक होतात. म्हणून प्रभामंडलाची संहतता (वस्तुमान केंद्राकडे किती एकवटले आहे ते) मोकळी सोडण्यात अर्थ नसतो. ती संगणकीय सदृशीकरणांतील वस्तुमान-संहतता संबंधाने बांधतात, आणि अशा वेळी तिचे आलेले मूल्य मोजमाप म्हणून छापणे गैर ठरते.

खरी अडचण कक्षांची. बाहेरचे तारे केंद्राकडून ये-जा करणाऱ्या लांबट कक्षांत असतील, तर दृष्टिरेषेतील विखुरण घसरते आणि वस्तुमान कमी असल्याचा भास होतो. २००३ मध्ये रोमानोव्स्की व सहकाऱ्यांनी ग्रहीय तेजोमेघांच्या (मरणपंथावरील ताऱ्यांनी फेकलेला चमकता वायू; ५००७ अँगस्ट्रॉम रेषा) वेगांवरून एनजीसी ३३७९ सह काही दीर्घिकांत कृष्णद्रव्य फारसे नसल्याचे मांडले. २००५ मध्ये डेकेल व सहकाऱ्यांनी अशा कक्षा धरल्यास नेहमीचे प्रभामंडलही तीच घसरण देते, असे दाखवले. वर्णरेषेचा आकार, म्हणजे टोकदारपणा, मोजला तर ही संदिग्धता बरीच सुटते. अनेक कक्षा एकत्र मिसळून दीर्घिका उभी करणाऱ्या श्वार्त्सशिल्डच्या कक्षा-संचय पद्धतीत (१९७९) तो थेट वापरता येतो.

ताऱ्यांचे वस्तुमान हा दुसरा पेच. जन्मणाऱ्या ताऱ्यांत लहान-मोठे किती याचे साल्पिटरऐवजी शाब्रिए वितरण धरल्यास ते सुमारे १.७ पट घटते, आणि आतल्या भागातला तो फरक कृष्णद्रव्याच्या खाती जमा होतो. त्यासाठी स्वतंत्र पडताळा हवा: गुरुत्वीय भिंग (दीर्घिकेच्या गुरुत्वाने मागच्या प्रकाशाचे वाकणे), किंवा सुमारे १ कोटी केल्व्हिन तापलेल्या वायूचे क्ष-किरण. वायू खळबळलेला असल्यास द्रवस्थैतिक समतोलाचे (वायूचा दाब गुरुत्वाला तोलून धरतो असे) गृहीतक वस्तुमान कमी दाखवते.