टिटवीच्या घरट्यात परीस नसतो

टिटवी आपली टणक अंडी परिसाने फोडते, म्हणून तिच्या घरट्यात परीस सापडतो, असा समज फार जुना आहे. चैत्र-वैशाखात खाडीकाठच्या खाजणात टिटव्यांची वीण सुरू असते, आणि नेमके तेव्हाच या समजापायी त्यांची घरटी उचकटली जातात, म्हणून हा खुलासा.

टिटवीचे घरटे म्हणजे उघड्या जमिनीतला उथळ खळगा. त्याभोवती खडे आणि शेळीच्या वाळक्या लेंड्या असतात, आणि मध्ये मातकट रंगावर काळपट डाग असलेली, बहुधा चार अंडी. ती इतकी बेमालूम मिसळतात की दोन पावलांवरूनही दिसत नाहीत. तिथल्या खड्यांचा उपयोग तेवढाच. तेच पाहून परिसाची कल्पना सुचली असावी.

सुमारे 28 ते 30 दिवस उबवल्यावर पिल्लू अंडे आतून फोडते. त्यासाठी त्याच्या चोचीच्या टोकावर एक बारीक, कठीण उंचवटा असतो आणि तो काही दिवसांत गळून पडतो. कोंबडीच्या नुकत्याच निघालेल्या पिल्लाच्या चोचीवर हा पांढुरका ठिपका कोणालाही पाहता येईल. परीस लागत असता, तर कोंबडीलाही लागला असता.

टिटवीचे निरीक्षण दुर्बिणीतून, दुरूनच करावे. ती ‘टिटीव् टिटीव्’ ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली, तर लगेच मागे फिरावे, कारण तेवढा वेळ अंडी उन्हात उघडी पडलेली असतात.