बॅट पाच टक्के, होमरन दीडपट

‘इंजेक्शन घेऊन चेंडू बॅटवर येतो का हो?’ डोपिंगचा विषय निघाला की कुणीतरी हे म्हणतंच. मार्क मॅग्वायरचा बचावही याच वळणाचा होता. १९९८ साली एका मोसमात ७० होमरन (म्हणजे बहुधा थेट कुंपणापलीकडे जाणारे फटके, क्रिकेटमधल्या षटकारासारखे) मारणाऱ्या या अमेरिकी बेसबॉलपटूनं २०१० मध्ये स्टेरॉइड घेतल्याची कबुली दिली. पण घेतलं ते दुखापतीतून सावरायला. होमरन त्याशिवायही मारले असते, म्हणाला. त्याआधी ६१चा विक्रम १९६१पासून टिकला होता. मॅग्वायरचे ७० मात्र तीनच वर्षांत मागे पडले, बॅरी बाँड्सनं ७३ मारले.

चेंडू बॅटवर घेणं हे नजरेचं काम, हे खरंच. पण टोला बसल्यावर पुढचं सगळं भौतिकशास्त्राच्या हाती. टफ्ट्स विद्यापीठाच्या रॉजर टोबिन यांनी २००८ मध्ये त्याचा हिशेब मांडला आणि मला तो फार आवडतो.

समजा, स्टेरॉइडनं स्नायू १० टक्क्यांनी वाढले. बळ तेवढंच वाढलं, म्हणून बॅटला मिळणारी ऊर्जाही. पण गतिज ऊर्जेत वेगाचा वर्ग असतो, त्यामुळे बॅटचा वेग वाढतो जेमतेम ५ टक्के. आता टोलवलेल्या चेंडूचा वेग म्हणजे येणाऱ्या चेंडूच्या वेगाचा साधारण पाचवा हिस्सा, अधिक बॅटच्या वेगाची १.२ पट. चेंडू ताशी १४५ किलोमीटर, बॅट ११३ : बेरीज १६५च्या आसपास. बॅट ५ टक्के जलद केली की १७१च्या पुढे. म्हणजे वाढ ४ टक्के. हवा नसती तर अंतर ८ टक्के वाढलं असतं, पण त्यातला बराच भाग हवा खाते. १२० मीटरच्या फटक्याला उरतात पाच-सहा मीटर.

एवढ्याशासाठी एवढं रामायण? तर दहावीचा निकाल आठवा. सगळ्यांना चार-चार गुण वाढवून दिले तर सरासरी चारनंच सरकेल. पण ८६ ते ८९मध्ये दाटीवाटीनं बसलेली पोरं एका फटक्यात नव्वदीपार! मैदानाचं कुंपण हे असंच आलेखाच्या शेपटीवर, म्हणजे जिथवर मोजकेच फटके पोचतात तिथे, उभं असतं. कुंपणाच्या अलीकडे झेलले जाणारे कितीतरी चेंडू आता पलीकडे पडतात. टोबिन यांच्या हिशेबात होमरन निदान दीडपट होतात.

(नाक्यावरच्या जिममध्ये ‘नैसर्गिक टेस्टोस्टेरॉन’चे डबे विकणाऱ्यांनी हा मजकूर भिंतीवर चिकटवू नये. डब्यानं स्नायू १० टक्के वाढतात, असं मी कुठेही म्हटलेलं नाही.)

संशय बाँड्सवरही होता, पण या गणितातून त्याच्या ७३ पैकी किती ‘खरे’, हे मात्र निघत नाही. त्यानं जाणूनबुजून काही घेतल्याचं कधीच मान्य केलं नाही. शिवाय शेपटी औषधानंच हलते असंही नाही. २०१९ मध्ये चेंडूची शिवण किंचित बसकी निघाली, हवेचा रोध घटला आणि अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये ६,७७६ होमरन झाले, तोवरचे सर्वाधिक. फरक इतकाच, की तो चेंडू सगळ्यांच्याच वाट्याला आला होता.

२००७ मध्ये बाँड्सनं हँक आरनचा कारकिर्दीतल्या ७५५ होमरनचा विक्रम मोडला. तो ७५६वा चेंडू एका फॅशन डिझायनरनं साडेसात लाख डॉलरला घेतला आणि त्याचं काय करायचं यावर लोकांचं मत मागवलं. कौलाप्रमाणे चेंडूच्या कातड्यात चांदणीची (*) खूण, म्हणजे ‘हा विक्रम शंकास्पद’ अशी टीप, कापली गेली आणि तो कूपर्सटाउनच्या बेसबॉल संग्रहालयात गेला. विक्रमांच्या यादीत मात्र बाँड्सच्या ७३पुढेही चांदणी नाही आणि कारकिर्दीतल्या एकूण ७६२पुढेही नाही.