गाठ खाली, दुखणं पाठीत

वृषण शरीराबाहेर लोंबत असलं तरी त्याची घडण होते पोटात, मूत्रपिंडाच्या शेजारी. गर्भ वाढतो तसं ते खाली सरकतं आणि साधारण जन्माच्या आधी जांघेतून पिशवीत उतरतं. येताना आपल्या रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या (पेशींभोवतीचं जादा पाणी, म्हणजे लसिका किंवा लिम्फ, वाहून नेणाऱ्या नळ्या) वरूनच घेऊन येतं. वृषणाच्या कर्करोगाचं बरंचसं वागणं या प्रवासातून उलगडतं.

हा रोग पसरला तर गाठी जांघेत येतील, असं कुणालाही वाटेल. त्या येतात पोटात, पाठीच्या कण्यालगत, मूत्रपिंडांच्या पातळीवर. कारण वृषणातली लसिका तिथेच परत जाते आणि कर्करोगाच्या पेशी तिच्यासोबत वाहतात. म्हणून पंचविशीतला एखादा मुलगा कंबर धरली म्हणून मलम चोळत राहतो, बाईकला आणि ऑफिसच्या खुर्चीला दोष देतो आणि खाली लागणारी गाठ कुणालाच दाखवत नाही. सर्जनसुद्धा अशा वेळी पिशवीवर छेद देत नाहीत. जांघेत चीर घेऊन वृषण तिथून वर काढतात. पिशवीतून सुई घालून तुकडा घेणंही टाळतात, कारण पिशवीच्या कातडीची लसिका जांघेत जाते आणि कर्करोगाला ती नवी वाट उघडून द्यायची नसते.

काही मुलांमध्ये हा प्रवास अर्धवट राहतो, जन्मानंतरही वृषण पोटात किंवा जांघेत अडकून असतं. बहुतेकांचं पहिल्या काही महिन्यांत आपोआप उतरतं. सहा महिन्यांनंतरही उतरलं नाही, तर साधारण दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रिया करून घ्यावी. ‘मोठा झाला की येईल खाली’ हा घरातल्या वडीलधाऱ्यांचा दिलासा इथे महागात पडतो. स्वीडनमधल्या एका मोठ्या अभ्यासात (२००७) तेराव्या वर्षाच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये या कर्करोगाचा धोका इतर पुरुषांच्या सुमारे दुप्पट आढळला, त्यानंतर झालेल्यांमध्ये पाचपटीहून जास्त.

भारतात हा रोग विरळाच, वर्षाला लाख पुरुषांमागे एकाहूनही कमी. नॉर्वे-डेन्मार्कमध्ये हेच प्रमाण दहाच्या आसपास आहे. पण तो गाठतो ऐन तारुण्यात, मुख्यतः १५ ते ४० या वयात. २०११च्या विश्वचषकात ३६२ धावा आणि १५ बळी घेऊन मालिकावीर ठरलेल्या युवराजसिंगच्या छातीत, दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेत जी गाठ निघाली, ती याच कुळातली, सेमिनोमा. वृषणातला रोग छातीत कसा? ज्या पेशींपासून पुढे शुक्राणू बनतात, त्या मूळ बीजपेशी गर्भात दुसरीकडे तयार होऊन जननग्रंथीपर्यंत चालत येतात. त्यातल्या काही वाटेतच रेंगाळतात आणि पुढे कधीतरी बिघडतात, असं मानलं जातं.

युवराजने केमोथेरपी घेतली ती अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरात, आणि या रोगाच्या इतिहासात त्या शहराला मान आहे. १९६५ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ बार्नेट रोझेनबर्ग विजेच्या क्षेत्राचा जिवाणूंवर काय परिणाम होतो ते पाहत होते. जिवाणूंचं विभाजन थांबलं, ते नुसतेच लांबच लांब वाढत गेले. वीज नव्हे, तर इलेक्ट्रोडमधून द्रावणात उतरलेलं प्लॅटिनम याला कारणीभूत होतं. त्यातून सिसप्लॅटिन हे औषध आलं. १९७४ मध्ये इंडियानापोलिसचे डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी ते आणखी दोन औषधांच्या जोडीने पसरलेल्या वृषण-कर्करोगावर वापरलं. त्याआधी या अवस्थेतले फार थोडे रुग्ण वाचत. आता पाचातले सुमारे चार बरे होतात. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगचा रोग १९९६ मध्ये फुप्फुसांत आणि मेंदूत पोचला होता, तोही याच शहरात बरा झाला. त्याची विजेतेपदं पुढे उत्तेजकांपायी गेली, पण ते बरं होणं खरं होतं. रोग वृषणापुरताच असताना सापडला, तर शंभरातले पंच्याण्णवहून जास्त रुग्ण बरे होतात आणि कित्येकांना केमोची गरजही पडत नाही.

मग दर महिन्याला तपासायचं का? अमेरिकेतल्या तज्ज्ञ गटाने २०११ मध्ये काहीच त्रास नसलेल्यांची सरसकट तपासणी नको असं सांगितलं. ते मला पटतं. तारीख लावून धास्तावण्यात अर्थ नाही. पण आपलं नेहमीचं कसं लागतं हे ठाऊक असावं. गरम पाण्याने आंघोळ झाली की पिशवी सैल पडते. अंगठा आणि बोटांमध्ये एकेक वृषण हलकेच फिरवून पाहा. सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखं ते गुळगुळीत आणि घट्टसर लागतं. मागच्या बाजूला मऊ, गुंतवळीसारखा भाग लागतो, तो तिथे असायचाच. एक थोडं मोठं, एक थोडं खाली असणंही नेहमीचं. नवीन टणक गाठ, एका बाजूचा वाढलेला आकार, जडपणा किंवा ओटीपोटात मंद ओढ लागली, तर दाखवा. गाठ दुखत नाही म्हणून सोडून देऊ नका; ही बहुधा दुखतच नाही. क्रिकेटचा चेंडू लागल्याने कर्करोग होत नाही, पण त्या निमित्ताने हात जातो आणि आधीचीच गाठ सापडते, असं घडतं.

विदर्भात हत्तीरोगामुळे हायड्रोसील (वृषणाभोवती पाणी साठणं) पुष्कळ दिसतं, त्यामुळे पिशवी सुजली की ‘पाणी झालंय’ म्हणून मोकळं होण्याची सवय आहे. डॉक्टर अंधारात मागून टॉर्च लावतात. पाणी असेल तर पिशवी लालसर उजळते, भरीव गाठीतून उजेड येत नाही. मात्र पाण्याआड गाठही दडलेली असू शकते, म्हणून सोनोग्राफी हवीच. तिला फार वेळ लागत नाही आणि ती दुखतही नाही. संसर्ग समजून अँटिबायोटिक दिलं आणि दोन आठवड्यांत सूज उतरली नाही, तर सोनोग्राफीचा आग्रह आपणच धरावा. सोबत रक्तात या कर्करोगाच्या खुणा शोधणाऱ्या तीन चाचण्या होतात: एएफपी, एलडीएच आणि एचसीजी. यातलं एचसीजी हे संप्रेरक तेच, जे गर्भचाचणीच्या पट्टीवर दुसरी रेघ आणतं. काही वृषण-कर्करोग ते तयार करतात.

एक वृषण काढल्याने पुरुषत्व जात नाही. दुसरं निरोगी असेल तर टेस्टोस्टेरॉन आणि शुक्राणू दोन्हींचं काम ते भागवतं. तरी केमोथेरपीच्या आधी शुक्राणू गोठवून ठेवण्याचं स्वतःहून विचारावं, घाईत ते राहून जातं. आणि सख्ख्या भावाला सांगावं: एकाला हा रोग झाला, तर दुसऱ्या भावाचा धोका कित्येक पटींनी वाढलेला असतो.